चकचकीत कार्डं पावसाळ्यात वाकतात, काय करू? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की पोकेमॉन, क्रिकेट, मॅजिक, कुठलीही कार्डं जमवत असाल तर ती वर्षानुवर्षं जपण्याबद्दलचे प्रश्न पाठवा. पत्रं भरपूर आली आणि बहुतेक पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून होती, ओलावा. म्हणून त्याच प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा दिलीय.

प्रश्न : माझ्या मुलाकडे पोकेमॉनची बरीच कार्डं आहेत, सगळी स्लीव्हमध्ये (पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात) घातलीत तरी जून लागला की चमकणारी कार्डं वाकायला लागतात, साधी मात्र तशीच राहतात. स्लीव्ह हलक्या दर्जाच्या आहेत का? – एक वाचक, रत्नागिरी

स्लीव्हचा यात काही दोष नाही हो. स्लीव्ह कार्डाला ओरखड्यांपासून आणि बोटांच्या तेलापासून वाचवते, हवेपासून नाही, वरून ती उघडीच असते ना. चमकणाऱ्या कार्डात कागदाच्या थराला फॉइलचा पातळ थर चिकटवलेला असतो, कागद हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि फॉइल अजिबात फुगत नाही, मग एक बाजू लांबली आणि दुसरी तेवढीच राहिली की कार्ड चकचकीत बाजूकडे वाकतं, अर्धवट वाळलेल्या पापडासारखं. खूप कोरड्या हवेत हेच उलट्या बाजूला होतं. साध्या कार्डाच्या दोन्ही बाजू सारख्याच फुगतात म्हणून ते सरळ दिसतं, पण ओलावा त्यातही शिरलेलाच असतो, आणि बुरशी धरली तर ती साध्यावर काय आणि चमकणाऱ्यावर काय, सारखीच धरते.

आता उपाय. सगळ्यात आधी एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजणारं यंत्र, घ्या, काहीशे रुपयांत मिळतो, आणि कार्डं जिथे ठेवता तिथेच ठेवा. कार्डांना 45 ते 50 टक्क्यांच्या आसपासची ह्युमिडिटी मानवते आणि कोकणात पावसाळ्यात घरातला आकडा 80 च्या वर सहज जातो, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत की पुढचं सगळं पटेल. मग रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात कार्डं, हायग्रोमीटर आणि ओलावा ओढणारं सिलिका जेल. फक्त भर पावसात दमट झालेली कार्डं तशीच डब्यात कोंडू नका, आतला ओलावा आतच राहतो आणि कुबट वास सुटतो. शक्यतो डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत पॅक करा, घाईच असेल तर एसी लावलेल्या खोलीत एक-दोन दिवस ठेवून मग.

सिलिका जेल टाकलं आणि विसरलं असं चालत नाही. भिजलेलं जेल काहीच ओढत नाही. रंग बदलणारे सुटे दाणे घ्या, निळे दाणे ओलावा पिऊन गुलाबी होतात आणि केशरी हिरवट होतात, मग ते ओव्हनमध्ये साधारण 120 डिग्रीला तास-दोन तास तापवले की पुन्हा वापरता येतात. घरात लहान मूल आहे म्हणून केशरीच घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते पोटात गेलं तर विषारी. अजून एक, भरमसाट जेल टाकून हवा 20-25 टक्क्यांवर नेऊ नका, फार कोरडी हवाही कार्ड वाकवते. डब्यातला आकडा बघून जेल कमी-जास्त करा. ज्यांच्याकडे कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी ड्राय कॅबिनेट (आतला ओलावा ठरावीक ठेवणारं कपाट) आहे त्यांनी त्यातला एक कप्पा कार्डांना द्यावा, माझ्या मते किनारपट्टीवर याच्यासारखं दुसरं काही नाही.

आणि वाकलेल्या कार्डावर इस्त्री, हेअर ड्रायर असलं काही फिरवू नका, कृपा करून. डब्यातली हवा नीट झाली की कार्ड हळूहळू आपणच बरंचसं सरळ होतं. स्लीव्हसकट दोन सपाट पुस्तकांच्या मध्ये काही आठवडे ठेवलं तर अजून बरं.

प्रश्न : कॉलेजजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून नऊ खणांच्या पानांची फाइल घेतली होती. आता पानं चिकट लागतात आणि वास येतो. कार्डांना धोका आहे का? – एक वाचक, पुणे

आहे, आजच काढा. ती पानं मऊ पीव्हीसीची असणार. पीव्हीसीला मऊ ठेवण्यासाठी त्यात प्लास्टिसायझर घालतात, ते काही वर्षांनी पृष्ठभागावर येतं, पान चिकट होतं, आणि मग कार्डाची शाई पानाला धरते आणि काढताना चित्राचा पापुद्राच निघून येतो. नवीन घेताना पॉलिप्रॉपिलीनची पानं मागा. दुकानदार ठामपणे सांगू शकला नाही तर पानाचा कोपरा कापून पाण्यात टाका, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं आणि पीव्हीसी बुडतं. बुडलेलं प्रत्येक प्लास्टिक वाईट असं नाही, पॉलिस्टरही बुडतं आणि ते उत्तम असतं, पण ते कडक आणि बिनवासाचं असतं. मऊ, वासाचं आणि बुडणारं म्हणजे नकोच.

बाइंडर घेताना गोल रिंगचा टाळा, पानं रिंगच्या वळणावर चढतात आणि आतल्या रांगेतल्या कार्डांवर कायमचा दाब उमटतो. बिनरिंगचा, बाजूने उघडणाऱ्या खणांचा बाइंडर सगळ्यात चांगला. एका खणात एकच कार्ड. शेल्फमध्ये उभा ठेवा, एकावर एक पाच बाइंडर आडवे रचू नका.

टॉपलोडरबद्दलही विचारलंयत, म्हणजे कार्ड वरून सरकवायचं कडक प्लास्टिकचं पाकीट. तो बहुतेक वेळा पीव्हीसीचाच असतो हे खरं, पण कडक, त्यात मऊ करणारं द्रव्य घातलेलं नसतं म्हणून त्याची तेवढी भीती नाही. फक्त कार्ड उघडं त्यात सरकवू नका, आधी पेनी स्लीव्ह (साधी पातळ स्लीव्ह), मग टॉपलोडर, नाहीतर कडेला आणि कोपऱ्याला आतच घासून लागतं.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्याकडे क्रिकेट अटॅक्स आणि बाबांची जुनी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं आहेत. रबर लावून ठेवलीयत. लॅमिनेट करून घेऊ का? – नागपूर

लॅमिनेट अजिबात करू नकोस मित्रा! लॅमिनेशनमध्ये उष्णतेने वितळलेला गोंद कार्डाला कायमचा चिकटतो, परत काढता येत नाही आणि जमवणाऱ्यांच्या दृष्टीने त्या कार्डाची किंमत जवळजवळ संपते. रबर पण आजच काढ, त्याने कडांना खाच पडते आणि तुमच्याकडच्या मे महिन्यात तो वितळून कार्डाला चिकटतो. बाबांच्या कार्डांचं माप आधी पट्टीने मोज, पोकेमॉनची स्लीव्ह 63 बाय 88 मिमीच्या कार्डासाठी असते आणि ट्रम्प कार्डं सगळी त्याच मापाची नसतात, घट्ट स्लीव्हमध्ये कोंबशील तर कोपरे जातील.

नागपुरात खरी काळजी घ्यायची ती कूलरची. बाहेर हवा कडक कोरडी, दिवसभर कूलर चालू म्हणून खोली दमट, रात्री कूलर बंद केला की परत कोरडी, असं रोज वर-खाली झालेलं कार्डाला सगळ्यात जास्त त्रास देतं. कूलरच्या खोलीत ठेवू नकोस, स्लॅबखालच्या माळ्यावर पण नको, तिथे भट्टी होते. आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा, घट्ट डब्यात. खिडकीजवळ फ्रेम करून लावायचा मोह होईल, पण उन्हाने रंग उडतात आणि ते परत येत नाहीत.

प्रश्न : कार्डाच्या कडा पांढऱ्या पडल्यात. एक अगदी बारीक पट्टी कापली तर नवी दिसेल. काय हरकत आहे? – ठाणे

हरकत मोठी आहे. त्याला ट्रिमिंग म्हणतात, ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे कार्ड तपासून त्याला दर्जा देणाऱ्या कंपन्या, असं कार्ड नाकारतात आणि न सांगता विकणं ही सरळ फसवणूक आहे. अमेरिकेत होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचं 1909 ते 1911 च्या संचातलं एक कार्ड आहे, पीएसए या कंपनीने 1991 मध्ये ग्रेड केलेलं पहिलं कार्ड म्हणून ते गाजलं, आणि 2013 मध्ये बिल मास्ट्रो या विक्रेत्याने कोर्टाच्या खटल्यात कबूल केलं की त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या. झिजलेली कड हा त्या कार्डाचा खरा इतिहास आहे, राहू द्या.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीहून पुण्याला परत येतोय. 1999 च्या पोकेमॉन बेस सेटची (पहिल्या संचाची) काही कार्डं स्लॅबमध्ये (ग्रेडिंग कंपनीने बंद केलेल्या प्लास्टिकच्या केसमध्ये) आहेत, बाकी बेसमेंटमध्ये खोक्यांत. कशी आणू?

आधी बेसमेंटमधून वर आणा, तिथे उन्हाळ्यात ओल असते, आणि हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की वरच्या खोल्यांची हवा पार कोरडी होते म्हणून तिथेही हायग्रोमीटर लावा. स्लॅब म्हणजे हवाबंद पेटी असा बऱ्याच जणांचा समज असतो, तो तसा नसतो. कंपनीने बंद केलेल्या केसमध्येही हवा आणि ओलावा हळूहळू जातोच, पाण्यात पडला तर पाणीही जातं. म्हणून स्लॅबलासुद्धा वेगळी पिशवी आणि तोच घट्ट डबा.

महागाची कार्डं केबिन बॅगेत, हातातच. घरी पोचल्यावर डबा लगेच उघडू नका, एक दिवस बंदच राहू द्या, नाहीतर गार डब्यातल्या कार्डांवर पुण्याच्या दमट हवेतलं पाणी जमू शकतं. निघण्याआधी प्रत्येक कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि स्लॅबचे नंबर एका यादीत लिहून ठेवा.

प्रश्न : तळमजल्यावर राहतो, कपाटात कसर दिसते. डांबरगोळ्या टाकू का? का सरळ बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू? – कुर्ला

डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ काही प्लास्टिकना, विशेषतः पॉलिस्टायरीनला, मऊ करते आणि कार्डांचे बरेच डबे त्याच प्लास्टिकचे असतात. कसर ओल आणि कागदाच्या खळीवर जगते, तेव्हा पुठ्ठ्याची खोकी फेकून द्या, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि ओल कमी करा, निम्मी अडचण तिथेच संपते. तळमजल्यावर खालचे दोन कप्पे रिकामेच ठेवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला होता आणि कुर्ल्यात पाणी कुठवर चढलं ते तुम्हाला सांगायला नको.

लॉकर चोरीच्या दृष्टीने चांगला. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंतच असते, आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीत बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर तीही नसते. शिवाय लॉकरमधली हवा आपल्या हातात नसते, तर ठेवणार असाल तर घट्ट डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, आणि मेच्या शेवटी एकदा, दसऱ्यानंतर एकदा जाऊन दाणे बदलून या.