बग सापडत नाही म्हणून राहत नाही

तुमचा प्रश्न असा : चार हजार रुपये मोजून घेतलेला गेम पहिल्याच दिवशी अडखळतो, पात्रं भिंतीत अडकतात, वर गेमच्या आतच दुकान मांडून आणखी पैसे मागितले जातात. बनवणाऱ्यांना हे दिसत नाही का, की हल्लीच्या लोकांना गेम बनवताच येत नाहीत?

दिसतं. बहुतेक वेळा तुमच्या कितीतरी आधी दिसलेलं असतं. मी इंदूरला चार वर्षं गेम टेस्टिंग केलं आणि नंतर दोन वर्षं एका मोबाइल गेमच्या कंपनीत लेव्हल बनवल्या. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग मी जवळून पाहिले आहेत, आणि दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

आधी अडखळण्याचं. विजयनगरमधल्या आमच्या ऑफिसात परदेशी गेमची नवी बिल्ड, म्हणजे तोवर तयार झालेली आवृत्ती, रात्री उतरायची. सकाळी आम्ही बसायचो. टेस्टर म्हणजे दिवसभर गेम खेळणारा, अशी लोकांची समजूत असते. प्रत्यक्षात एकच दार चाकू हातात घेऊन, बंदूक घेऊन, पळत येऊन, उलटं चालत येऊन उघडायचं. काही चुकलं की ते कसं घडलं याच्या पायऱ्या लिहायच्या, व्हिडिओ जोडायचा आणि यादीत टाकायचं. गेम बंद पडत असेल तर तो बग, म्हणजे गेममधली चूक, पहिल्या वर्गात, खेळ अडत असेल तर दुसऱ्या, नुसतं विचित्र दिसत असेल तर तिसऱ्या. शेवटच्या दोन महिन्यांत ही यादी हजारांच्या घरात जाते. मग रोज छाननीची मीटिंग होते आणि एकेका बगासमोर शेरा पडतो. त्यातला एक शेरा आम्हा सगळ्यांना पाठ होता, ‘वोन्ट फिक्स’. म्हणजे बग खरा आहे, मान्य आहे, पण दुरुस्त होणार नाही.

हे प्रत्येक वेळी चूक असतं असं नाही. शेवटच्या आठवड्यात एक खिळा ठोकायला गेलं तर दोन फळ्या निखळतात, त्यामुळे किरकोळ गोष्ट तशीच ठेवणं कधी कधी शहाणपणाचं असतं. पण एका गेममध्ये बोटीतून उतरताना पात्र पाण्याखाली जायचं आणि त्यानंतर सेव्ह केलेला सगळा खेळ बिघडायचा. वीस-पंचवीस तासांची मेहनत पाण्यात. दहा वेळा उतरलात तर एकदा व्हायचं. रिलीजला सात आठवडे असताना मी तो व्हिडिओसकट नोंदवला. शेरा आला, ‘क्वचित घडतो, रिलीजनंतर बघू’. लाखो लोक खेळतात तेव्हा दहात एकदा म्हणजे क्वचित नव्हे, हे त्या मीटिंगमधल्या प्रत्येकाला कळत होतं. पण तारीख ठरलेली होती.

ती तारीख ठरवतं कोण? मोठ्या कंपन्या शेअर बाजारात असतात. अमुक तिमाहीत अमुक गेम येणार, हे गुंतवणूकदारांना आधीच सांगितलेलं असतं. नाताळच्या खरेदीचा हंगाम गाठायचा असतो, जाहिरातीची जागा महिनोन् महिने आधी घेतलेली असते. तारीख पुढे ढकलली की दोनशे-तीनशे लोकांचा आणखी काही महिन्यांचा पगार वाढतो. खर्चाचे आकडेही आता अवाढव्य आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीची कागदपत्रं नीट झाकली गेली नाहीत, त्यातून ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या एका गेमचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर असल्याचं जगाला कळलं. आणि मोठ्या गेमची किंमत २००५ च्या सुमारास ६० डॉलर झाली, ती २०२० पर्यंत जवळपास तिथेच होती. एवढे पैसे अडकलेले असताना ‘अजून सहा महिने द्या’ म्हणणाऱ्याला खोलीत फारसे मित्र उरत नाहीत.

पण नुसत्या मुदतीला दोष देऊन मला थांबायचं नाही. माझे आजोबा मिलमध्ये फिटर होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, ही परंपरा शंभर वर्षांच्या आसपासची आहे. मिल बंद पडल्या तरी झांक्या थांबल्या नाहीत. आजोबा त्यातली हलती यंत्रं जुळवायचे : फिरणारं चक्र, मान डोलावणारा हत्ती. तिथली तारीख पंचांगातली, एक दिवस मागेपुढे होणं शक्य नाही. पाऊस लागला, वर्गणी कमी पडली, की ते तीन देखाव्यांचे दोन करायचे. पण जो देखावा रस्त्यावर यायचा, त्यातल्या हत्तीची मान डोलायचीच. गेमच्या धंद्यात तारीख हलत नाही आणि कामही कमी करता येत नाही, कारण तिन्ही देखावे जाहिरातीत आधीच दाखवून झालेले असतात, त्यांचे पैसेही घेऊन झालेले असतात. मग तिन्ही निघतात, आणि हत्तीची मान पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे नंतर पाठवल्या जाणाऱ्या दुरुस्तीत.

‘सायबरपंक २०७७’ हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. वॉर्साच्या शेअर बाजारातली कंपनी, सीडी प्रोजेक्ट. २०२० मध्ये तारीख एप्रिलवरून सप्टेंबरवर, तिथून नोव्हेंबरवर आणि शेवटी १० डिसेंबरवर गेली. गेम येण्याआधीच ८० लाख लोकांनी तो विकत घेऊन ठेवला होता, आणि एवढ्यावरच बनवण्याचा नि जाहिरातीचा खर्च निघाल्याचं कंपनीने जाहीर केलं. समीक्षकांना आधी फक्त कॉम्प्युटरवरची आवृत्ती दिली गेली. जुन्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर गेमची काय अवस्था आहे, ते लोकांना विकत घेतल्यावर कळलं. आठवडाभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ पर्यंत तो परत आला नाही. जानेवारीत कंपनीच्या एका संस्थापकाने व्हिडिओत माफी मागितली आणि सांगितलं की टीमला दोष देऊ नका, प्रदर्शित करायचा निर्णय आमचा, वरच्यांचा होता. टेस्टरच्या खुर्चीतून ते ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे तीन वर्षं खपून त्यांनी तो गेम खरोखर सुधारला. म्हणजे तीच माणसं, त्यांना गेम बनवता येत होता. वेळ नव्हता.

हे सगळं आजकालच सुरू झालंय असंही नाही. अटारी या अमेरिकन गेम कंपनीने १९८२ च्या नाताळासाठी ‘ई.टी.’ हा गेम एका माणसाकडून पाच आठवड्यांत करवून घेतला होता. न खपलेल्या कार्ट्रिज (ज्यांत तेव्हा गेम विकले जायचे त्या डब्या) न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या गेल्या आणि २०१४ मध्ये खणून काढल्या गेल्या. फरक इतकाच की कार्ट्रिज एकदा विकली की दुरुस्त करता येत नसे, त्यामुळे वाईट गेमची किंमत कंपनीला लगेच मोजावी लागायची. आता नेटवरून दुरुस्ती पाठवता येते. ही सोय चांगलीच आहे, पण छाननीच्या मीटिंगमध्ये ‘नंतर बघू’ म्हणायचा धीर तिनेच दिला.

आता दुसरा भाग, गेममधल्या दुकानाचा. त्याबद्दल मला जास्त वाटतं, कारण त्यात माझा हात होता.

मोबाइल गेमच्या त्या कंपनीत आम्ही रंगीत ठोकळे जुळवायचा फुकट गेम करत होतो. अडतिसावी लेव्हल माझी होती. चोवीस चाली, आणि तिच्यात एक गंमत होती : डावीकडचा कोपरा आधी मोकळा केला की उजवीकडचे ठोकळे आपोआप कोसळायचे. एकदोनदा हरल्यावर ते लक्षात यायचं आणि लक्षात आल्यावर माणूस हसायचा. हे बसवायला मला दोन आठवडे लागले होते. गेम बाजारात आला आणि महिन्याभराने माझ्यासमोर एक तक्ता ठेवला गेला. कुठल्या लेव्हलला लोक किती वेळा हरतात, कुठे गेम सोडतात, कुठे पैसे खर्च करतात. अडतीसच्या ओळीत शेवटचा रकाना रिकामा होता. लोकांना ती आवडत होती, पण तिथे कोणी काही विकत घेत नव्हतं.

चोवीसच्या एकोणीस चाली झाल्या. कोपऱ्याची युक्ती काढली. वरून पडणारे ठोकळे असे जुळवले की खेळणारा बहुतेक वेळा अगदी एका चालीने हरावा, कारण जिंकता जिंकता हरलेला माणूस ‘आणखी पाच चाली’चं बटण दाबतो. लांबून हरलेला दाबत नाही. हे मोजून काढलेलं असतं. पुढच्या महिन्यात रकाना भरला.

रामबागेत माझी मावशी राहते. निवृत्त शिक्षिका, शब्दकोडी सोडवण्यात पटाईत. भाचीने बनवलेला गेम म्हणून ती कौतुकाने खेळायची. एका रविवारी जेवायला गेले तर फोन पुढे करून म्हणाली, “अगं, ही अडतिसावी सुटतच नाही. तूच केलीस ना? काय युक्ती आहे सांग बघू.” युक्ती नव्हती. मी ती माझ्या हाताने काढली होती. तिने तोवर तीन वेळा ७९ रुपये भरले होते आणि आपलंच डोकं चालत नाही असं तिला वाटत होतं. त्यानंतर चार महिन्यांनी मी नोकरी सोडली.

म्हणून सांगते, भिंतीत अडकणारं पात्र निदान दिसतं, त्याची तक्रार करता येते, ते कधीतरी दुरुस्त होतं. अडतिसाव्या लेव्हलमध्ये एकही बग नव्हता. ती अगदी हवी तशी चालत होती, फक्त खेळणाऱ्याला हवी तशी नाही. हा बिघाड कुठल्याच यादीत येत नाही, आणि माझ्या मते दर्जाचं खरं नुकसान इथे आहे.

पूर्ण किमतीच्या गेममध्येही हेच शिरलं. २०१७ च्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू’मध्ये डार्थ व्हेडरसारखी पात्रं मिळवायला तासन् तास खेळत राहायचं किंवा आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या नशिबाच्या पेट्या विकत घ्यायच्या, अशी रचना होती. लोक इतके भडकले की रिलीजच्या आदल्या दिवशी तो विकणाऱ्या ईए कंपनीला गेममधली खरेदी बंद करावी लागली. पुढच्या एप्रिलमध्ये बेल्जियमच्या नियामकाने अशा पेट्या जुगारात मोडतात असा निर्णय दिला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिकला ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर भरायला लावले, कारण बटणांची मांडणी अशी होती की एका चुकीच्या दाबाने खरेदी होऊन जायची. बटण कुठे ठेवायचं यावर किती डोकी लावलेली असतात ते मी पाहिलं आहे. तेवढी डोकी गोष्ट रंगवायला लावली असती तर!

आणखी एक गोष्ट बाहेरून कळत नाही : चांगलं काम केल्याने नोकरी टिकतेच असं नाही. टँगो गेमवर्क्सचा ‘हाय-फाय रश’ जानेवारी २०२३ मध्ये आला, लोकांनी डोक्यावर घेतला, आणि मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. नंतर दुसऱ्या कंपनीने तो घेतला, हे बरं झालं. पण असं झालं की अनुभवी माणसं पांगतात. कुठला जुना कोड कुठे फुटतो हे ज्यांना ठाऊक असतं ती माणसं गेली की पुढच्या गेममध्ये तेच बग नव्याने सापडतात.

उलट उदाहरणंही आहेत. ‘बॉल्डर्स गेट थ्री’ ऑक्टोबर २०२० पासून जवळजवळ तीन वर्षं ‘अपूर्ण आहे’ असं उघड सांगूनच विकला जात होता. तो बनवणारी लारियान कंपनी शेअर बाजारात नाही, त्यामुळे वेळ घेता आला. ऑगस्ट २०२३ मध्ये तो पूर्ण होऊन आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम ठरला. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन यांनी चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने केला. आपल्याकडचं म्हणाल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’. छोटा आहे, शेवटी मध्येच सोडल्यासारखा वाटतो, पण त्यात कोणी तुमच्या खिशात हात घालत नाही.

तुम्ही काय करायचं? आधीच पैसे भरून ठेवू नका. ‘सायबरपंक’साठी ज्या ८० लाख लोकांनी भरले, त्यांनी तारीख पुढे ढकलायचं शेवटचं कारणही काढून घेतलं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, ते मागा, त्यात संकोच करू नका.

आणि तक्रार लिहाच, पण ‘गेम भंगार आहे’ अशी नको. कुठलं मशीन, कुठली जागा, त्याआधी तुम्ही काय केलंत, किती वेळा झालं, हे लिहा. बंद केलेला बग टेस्टरच्या सांगण्यावरून क्वचितच उघडतो, ग्राहकांच्या तक्रारी जोडल्या की उघडतो. त्या बोटीच्या बगाला मी रिलीजच्या दुसऱ्या आठवड्यात एकोणीस लोकांच्या तक्रारी जोडल्या होत्या. त्यातल्या एकाने इतकं नीट लिहिलं होतं की बोटीच्या कुठल्या बाजूने उतरल्यावर घडतं तेही दिलं होतं. सात आठवडे आम्हाला न सापडलेलं कारण तेच निघालं, आणि तिसऱ्या पॅचमध्ये तो बग गेला.