'देवबाभळी'च्या प्रयोगात शेजारच्या बाई अभंगावर टाळ्या धरून गात होत्या. त्यांना गप्प करणं चूक होतं का?

तुमच्या प्रश्नात भांडणं दोन आहेत. पहिलं शेजारच्या खुर्चीतल्या बाईंशी. 'संगीत देवबाभळी' चालू असताना त्या टाळ्या धरून मोठ्यानं गात होत्या, तुम्ही 'श्श' केलंत, तर "विठ्ठलाचं नाव घ्यायलाही बंदी का?" असं ऐकावं लागलं. दुसरं मध्यंतरात, हातात वडा असताना, तुमच्याच मित्राशी. त्याचं म्हणणं, हे नाटक चाललं ते पांडुरंगाच्या पुण्याईवर, नाटक म्हणून त्यात विशेष काही नाही.

मी कोकणातल्या हौशी संगीत नाटकांना पंधराएक वर्षं तबल्याची साथ केली आहे. आता ठाण्यात असतो आणि तिकीट काढून प्रेक्षकांत बसतो. साथीदाराला नट आणि प्रेक्षक दोघांचे चेहरे दिसतात, म्हणून या विषयावर जरा जास्तच बोलतो. सांभाळून घ्या.

आधी मित्राचं बघू. विठ्ठलाच्या नावावर नाटक चालत असतं, तर संतांवरचं प्रत्येक नाटक चाललं असतं. तसं होत नाही, हे कुठल्याही बुकिंगच्या खिडकीवर बसणारा माणूस सांगेल. 'देवबाभळी' डिसेंबर २०१७ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आलं, मध्ये कोविडनं नाट्यगृहं बंद पडली, तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात पाचशेवा प्रयोग झाला. रंगमंचावर दोघीच, शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी. मालिकेतला चेहरा बघायला यावं, अशी सोयच नव्हती.

आणि हे नाटक भक्तिरसाचं आहे, हेच मला मान्य नाही. नाटककार प्राजक्त देशमुखांची आवली, म्हणजे तुकोबांची बायको, त्यांची भाकरी घेऊन भंडारा डोंगराच्या वाटेला लागते, पायात काटा रुततो, तो काटा काढायला खुद्द विठ्ठल येतो. मग तिची शुश्रूषा करायला रखुमाई लखूबाई होऊन तिच्या घरी राहते. एकीचा नवरा देवापायी घरातून उठून गेलेला, दुसरीचा नवरा भक्तांपायी. अख्खं नाटक आवली त्या काळ्याला फैलावर घेत असते आणि त्याचीच बायको ते निमूट ऐकत असते. तुमच्या शेजारच्या बाई विठ्ठलासाठी आल्या असतील, पण दुसऱ्या अंकात त्या नक्की कोणासाठी रडल्या ते विचारा.

मित्राच्या बाजूनं एक गोष्ट मात्र कबूल करतो. नुसता प्रयोगांचा आकडा म्हणजे यश नव्हे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला गर्दीची कधीच ददात नव्हती. पण खरे भरजरी शालू, अत्तरं, 'द्रौपदी'सारख्या नाटकावरचा वारेमाप खर्च, या सगळ्यात कंपनी कर्जात बुडाली. थिएटर भरलेलं आणि गल्ला रिकामा, असं आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. शिवाय त्या कंपन्या आज 'सौभद्र', उद्या 'मानापमान', परवा 'स्वयंवर' अशा खेळायच्या. एकाच नाटकाचे सलग पाचशे प्रयोग करायचे, ही रीतच वेगळी. तेव्हा जुन्या-नव्याचे आकडे एका रांगेत मांडून कोण मोठं ते ठरवू नये. हे वाद घालणारे लोक गोड असतात, पण त्यांच्यासोबत लोकलनं घरी जाऊ नये.

आता त्या बाई.

'नाटक कसं शांतपणे बघावं' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, कुठलं नाटक? संगीत नाटक शांततेत वाढलेलं नाही. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' झालं तेव्हापासून पदाला दाद देणं, 'वन्स मोअर' मागणं हा खेळाचाच भाग होता. बालगंधर्वांचं एकेक पद लोक पुन्हा पुन्हा मागायचे, नाटक पहाटेपर्यंत चालायचं. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोघांचे चाहते एकाच थिएटरात, आणि सरस कोण ठरलं यावर पुढे कित्येक वर्षं वाद. ती मंडळी काही हाताची घडी घालून बसली नसणार. गावाकडे उत्सवातल्या नाटकात तर पद संपायच्या आत खिशातून नोट निघते आणि बक्षीस जाहीर होतं. ते मला कधी खुपलं नाही.

पण यातलं बहुतेक सगळं पद संपल्यावरचं आहे, निदान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यावरचं. 'वन्स मोअर' म्हणजे नटाला म्हणायचं, तू गायलास, आता परत गा. शेजारच्या बाई मात्र त्याच्या जागी स्वतःच गात होत्या. मला फरक इथे दिसतो.

टाळ्यांचं तर साथीदाराला विचाराच. पहिल्या रांगेची टाळी ठेक्यावर असते, पंधराव्या रांगेची जरा मागून येते, आणि बाल्कनीचं तर वेगळंच भजन चाललेलं असतं. शिवाय उत्साहात लोक पळतात. आमच्या एका प्रयोगात गजराला टाळ्या सुरू झाल्या, लय इतकी चढली की आमची नायिका श्वास घ्यायला जागा शोधू लागली. ऑर्गनवाला माझ्याकडे बघतोय, मी तिच्याकडे, ती आमच्या दोघांकडे. प्रेक्षक खूश. ती विंगेत गेल्यावर काय बोलली ते इथे लिहीत नाही.

आणि पहाटेपर्यंत वन्स मोअर द्यायची चैन आता नाटकवाल्यांना परवडत नाही. नाट्यगृह सत्रावर भाड्यानं मिळतं, सकाळ, दुपार, रात्र. दुपारचा प्रयोग लांबला की रात्रीच्या नाटकाचा टेम्पो मागच्या दाराशी खोळंबतो. त्यांचा सेट लागायचा असतो, दिवे लावायचे असतात. म्हणून नटानं हात जोडून पुढचं वाक्य घेतलं तर रागावू नका. तो आखडू नाही, तो घड्याळ बघतोय.

मोबाइलबद्दल मात्र दोन बाजू नाहीत. २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या फोनला कंटाळून नाटकात काम करणंच थांबवावं का, असं जाहीरपणे लिहिलं होतं, तेव्हा काहींना ते अती वाटलं. मला नाही वाटलं. तिसऱ्या घंटेआधी इतक्यांदा सांगूनही वाजतो, आणि वर माणूस तो उचलून दबक्या आवाजात म्हणतो, "नाटकात आहे." गाणाऱ्या बाई निदान नाटकातच होत्या.

म्हणून माझं उत्तर: तुमचं म्हणणं बरोबर होतं, पण 'श्श' करायला नको होतं. भर काळोखात 'श्श' म्हणजे चापटच. अंधारात तुमचा चेहरा दिसत नाही, नुसता फुत्कार ऐकू येतो. मध्यंतरापर्यंत कळ काढायची आणि म्हणायचं, "मावशी, अभंग छान येतात तुम्हाला, पण मला त्या दोघींचं ऐकू येत नाहीये." दहांतल्या आठ जणी ओशाळून हसतात. उरलेल्या दोघी गातात. तेव्हा डोअरकीपरला सांगून मागची रिकामी खुर्ची गाठायची.

हे शिकलो तेही मार खाऊनच. काही वर्षांपूर्वी 'कट्यार काळजात घुसली' बघत होतो. हे नाटक १९६७ चं, ते २०१० मध्ये पुन्हा उभं राहिलं होतं. जुन्या नाट्यगृहात रांगेतल्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या असतात. माझी बोटं हातावर तीनताल वाजवत होती आणि तेवढ्यानं अख्खी रांग थरथरत होती, याचा मला पत्ताच नाही. पद संपलं, शेजारच्या आजी वळल्या.

"तबला वाजवता का हो?"

मी खुशीत म्हटलं, "हो, बरीच वर्षं."

"मग त्या खालच्याला वाजवू द्या ना."