पर्सेफोनी पाताळात, मग ज्वारी कशी उभी?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नातवाच्या पुस्तकात ग्रीकांची गोष्ट वाचली. धान्याची देवी डेमेटर, तिची लेक पर्सेफोनी. लेक पाताळात गेली की हिवाळा येतो, जमीन उजाड पडते. ती वर आली की पीक येतं. आमच्या रानात तर थंडीतच ज्वारी-हरभरा उभा असतो आणि उजाड पडतं ते उन्हाळ्यात. ग्रीसमध्ये थंडीत काहीच पिकत नाही का?
— एक शेतकरी, अंबड, जि. जालना

उत्तर : पिकतं की, दादा. तुमची शंका अगदी मुळावर बोट ठेवणारी आहे. ग्रीसमध्ये पाऊसच मुळी हिवाळ्यात पडतो. गहू आणि जव ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचे आणि मे-जूनमध्ये काढायचे, ही तिथली जुनी रीत. आपण येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतो तेव्हा आपली ज्वारी हुरड्याच्या आसपास असते ना, त्याच सुमारास डेमेटरच्या एल्युसिस गावाभोवती, म्हणजे अथेन्सपासून 20 किलोमीटरवर, गहू-जव हिरवेगार असतात. उजाड असतो तो जून ते सप्टेंबरचा उन्हाळा. थंडीत बर्फाखाली गेलेल्या रानाचं चित्र उत्तर युरोपातलं आहे आणि मुलांच्या पुस्तकांत बहुधा तिकडूनच आलं आहे.

मग लेक पाताळात असते ते महिने कोणते? काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की काढणीनंतर बियाणं जमिनीखाली साठवायचं आणि पेरणीला वर काढायचं, ते दिवस म्हणजे पर्सेफोनीचे पाताळातले दिवस. मला हे वाचलं तेव्हा आजोळच्या वाड्यातलं पेव आठवलं. झाकण दगडाचं, आत माणूस उतरेल एवढी खोली आणि तळाशी ज्वारी. मला हा अर्थ फार जवळचा वाटतो. पण तो सगळ्यांना मान्य नाही, कारण मूळ काव्यातच लेक वसंतात, फुलं उमलली की परत येते असं म्हटलं आहे.

ते काव्य म्हणजे होमरच्या नावावर चालत आलेलं डेमेटरचं स्तोत्र, साधारण इ.स.पूर्व सातव्या-सहाव्या शतकातलं. त्यातला दुष्काळ मात्र थंडीचा नाही. तो पेरणीचा आहे. डेमेटर बियाणं मातीत दडवून ठेवते. बैल नांगर ओढून थकतात, पांढरं जव रानात पडतं आणि उगवतच नाही. दुबार पेरणी करून बसलेल्या आपल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

प्रश्न : पर्सेफोनीनं डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून तिला पाताळात परतावं लागतं. दाणे किती? कुठं एक, कुठं सहा, कुठं सात लिहिलेले आहेत.
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : स्तोत्रात एकच दाणा आहे, तोही पाताळाचा राजा हेडीस यानं गुपचूप भरवलेला, आणि वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात. रोमन कवी ओव्हिडनं एका काव्यात सात दाणे केले आणि वर्ष अर्धं-अर्धं वाटलं. सहा दाणे सहा महिन्यांशी जुळतात म्हणून आजच्या पुस्तकांत ते सर्रास दिसतात.

प्रश्न : सातवीच्या वर्गात ही गोष्ट सांगावी का? बाप परस्पर लेक देऊन टाकतो. माझ्या वर्गातल्या मुलींचंही तेच होतं. सांगायला जीभ रेटत नाही.
— एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : बाई, सांगाच. फक्त मऊ करून सांगू नका. हल्ली हेडीसला प्रेमवीर करण्याची फॅशन आली आहे, तिचा मला मनापासून राग येतो. स्तोत्रात देवांचा राजा झ्यूस, म्हणजे पर्सेफोनीचा बाप, आपल्या भावाला, हेडीसला, स्वतःची लेक देतो. आईला विचारत नाही, लेकीला तर नाहीच. ती फुलं तोडत असते, जमीन फाटते, ती बापाच्याच नावानं ओरडते. डेमेटर हातात मशाली घेऊन, अन्नपाणी आणि अंघोळ सोडून 9 दिवस शोधत फिरते. शेवटी सूर्यदेव तिला खरं काय ते सांगतो आणि वर म्हणतो, जावई काही तुला कमी नाही, तुझाच सख्खा भाऊ आहे.

‘स्थळ चांगलंय, आता राग सोडा’ हे तुमच्या मुलींनी घरात ऐकलेलं असेल. तिथंच थांबा आणि विचारा, डेमेटरनं सूर्याला काय उत्तर द्यावं? त्यांना बोलू द्या, घाई करू नका. मग पुढचं सांगा. ती ऐकून घेत नाही. माणसं भुकेनं मरायला लागतात, देवांचे नैवेद्य बंद पडायची वेळ येते. देव एकामागून एक भेटी घेऊन येतात, तरी तिचं एकच, लेक डोळ्यांनी दिसल्याशिवाय दाणा उगवू देणार नाही. शेवटी झ्यूसला नमावं लागतं.

आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर जातात आणि जाण्याआधी लेकीचं लग्न उरकतात, अशा घरांतल्या मुली तुमच्या वर्गात असतील. 18 वर्षांआधी मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे हे त्याच तासाला सांगा आणि चाईल्डलाईनचा 1098 हा नंबर फळ्यावर लिहा. दिवाळीची सुट्टी लागण्याआधीच हा तास घ्या, कारण टोळ्या दिवाळीच्या आसपासच निघतात.