बंदर बांधायच्या आधी गेम कशाला?

प्रश्न: मोठ्या प्रोजेक्टचं प्लॅनिंग गेम खेळून सुधारतं म्हणे, खरंय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: हो, खरंय. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला समुद्रात भराव टाकून बंदर वाढवलं ना, मासव्लाक्टे २, त्याचं काम २००८ ला सुरू झालं पण त्याआधीच डेल्फ्टच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं बंदरवाल्यांबरोबर सिमपोर्ट हा गेम बनवला होता. त्यात टीमनं बंदराची ३० वर्षं झटपट चालवायची, जागा आधीच तयार ठेवली तर पैसा अडकून पडतो आणि उशीर केला तर गिऱ्हाईक दुसऱ्या बंदरात जातं. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे इंजिनिअर आणि मार्केटिंगवाले काँक्रीट ओतायच्या आधीच एका टेबलावर बसून भांडून घेतात. गेम भविष्य मात्र सांगत नाही हं, त्याच्या मॉडेलमध्ये, म्हणजे आतल्या हिशोबात, घातलेलंच बाहेर येतं, त्यामुळे आकडे कुणी भरलेत ते आधी विचारा.