कथेत अपंग पात्र रंगवताना लेखक कुठे चुकतात?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या पहिल्या दीर्घकथेतल्या नायकाला लहानपणी पोलिओ झालाय. तो बिचारा वाटू नये आणि ओढूनताणून प्रेरणादायीही वाटू नये, तर काय सांभाळावं? मला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, डाव्या पायाला. आता पंचेचाळिशीत आहे, सगळं आयुष्य नागपुरात गेलं. त्यामुळे प्रश्न वाचून तसंच पुढे जाववलं नाही.

१९८८ साली दूरदर्शनवर महाभारत सुरू झालं. त्यातला शकुनी लंगडत चालायचा. रविवारी सकाळी अख्खा मोहल्ला शेजारच्या काकांच्या टीव्हीसमोर बसलेला असायचा, त्यात मीही. सोमवारी शाळेच्या फाटकातच पोट्टे ओरडायचे, "आला बे शकुनीमामा!" लंगडत तर मी आधीपासूनच होतो, पण तोवर त्या लंगडण्याला काही अर्थ नव्हता. आता वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की पहिली नजर माझ्या दप्तराकडे जायला लागली. मंथरेच्या कुबडापासून हे चालत आलंय. अंग वाकडं म्हणजे मन वाकडं, अशी ती जुनी सोय आहे.

सिनेमात याचं दुसरं टोक पाहिलं. तिथला अपंग माणूस देवासारखा. सगळं सोसतो, कुणावर चिडत नाही, स्वतःसाठी काही मागत नाही आणि शेवटी कुबडी फेकून धावत सुटतो. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मारतो. त्या परत येत नाहीत. असला एक शेवट पाहून आल्यावर माझ्या आईने मला वर्षभर तीन ठिकाणी नवसाला नेलं. प्रत्येक वेळी परतताना ती एसटीत खिडकीकडे तोंड करून बसायची. तो शेवट लिहिणाऱ्याला ही बाई दिसली असती तर त्याने तो लिहिला नसता, असं मला आजही वाटतं.

मला विचाराल तर दोन्हीकडे घोटाळा एकच आहे. लेखक पायाचा अर्थ लावत बसतो आणि तो पाय दिवसभर काय काय करतो हे पाहतच नाही.

तर पायाचं सांगतो. पोलिओत ताकद जाते, संवेदना जात नाही. "काटा रुतला तरी त्याला कळलं नाही" असं वाक्य लिहिलं असेल तर खोडा. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीस डिग्रीवर असतं, तेव्हा अंगणात राहिलेलं कॅलिपर, म्हणजे अधू पायाला आधार देणारा लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, चढवलं की लोखंडी पट्टी मांडीला जिथे टेकते तिथे चटका बसतो, आणि चामड्याच्या पट्ट्याखाली घामोळं येतं ते रात्रभर खाजतं. डिसेंबरात तोच पाय निळसर आणि बर्फासारखा गार. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी अधू पाय खाली. कॅलिपर नसेल तर बरेच जण मांडीवर हात दाबून चालतात. अधू पाऊल लहान राहतं, म्हणून बर्डीवर, म्हणजे इथल्या सीताबर्डी बाजारात, मला दरवेळी बुटांचे दोन जोड घ्यावे लागतात, एक आठ नंबरचा, एक सहाचा. उरलेला एकेक बूट आई जपून ठेवायची, का ते तिलाच ठाऊक. चाळिशीनंतर चांगल्या स्नायूंतही नव्याने अशक्तपणा येऊ शकतो, मला तो दोन वर्षांपासून जाणवतोय. आणि काळ तपासा. भारतात जंगली, म्हणजे लशीतून न आलेल्या, पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. कथा आजची आणि नायक दहा वर्षांचा असेल तर दुसरं कारण शोधावं लागेल.

नमुना म्हणून सई परांजपे यांचा 'स्पर्श' हा सिनेमा बघा. नसिरुद्दीन शाह यांनी केलेला अंध मुख्याध्यापक ताठ आहे, चुकतो, प्रेमात माणसाला दुखावतोही. 'श्वास' या मराठी सिनेमात नातवाचे डोळे वाचत नाहीत. चमत्कार टाळलाय, म्हणूनच तो आजोबा विसरता येत नाही. विनोदाला घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या निकालात अपंगांना हिणवणारा विनोद आणि अपंगत्व समजून घेणारा विनोद यांत स्पष्ट फरक केलाय. तुमचा नायक मस्करी करणारा, उधारी बुडवणारा, बायकोशी भांडणारा असू दे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी इथल्या एका हौशी नाटकात कॅलिपर घातलेला मुलगा बापाशी कडाक्याचं भांडतो आणि रागाने धाडकन खुर्चीत बसतो. गुडघा आपोआप वाकला! कॅलिपरला गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना कडी असते. उभं राहिलं की ती खाली सरकून पाय ताठ धरते. बसायचं तर वाकून दोन्ही कड्या हाताने वर ओढाव्या लागतात. प्रयोग संपल्यावर आत गेलो आणि त्या पोराला माझं कॅलिपर दाखवलं. घरचं एक जुनंही देऊन टाकलं. त्याने ते आठवडाभर घालून पाहिलं.

पुढच्या प्रयोगात तो तसाच भडकला, बसायला गेला आणि थांबला. वाकला, एक कडी ओढली. दुसरी अडकली. बाप समोर उभा. पोराचा हात थरथरत होता, कडी निघेना, आणि शेवटी बापच खाली बसला आणि त्याने ती वर सरकवली. संहितेत हे नव्हतं. बापाचं काम करणाऱ्या नटाने ते त्याच क्षणी केलं, आणि पुढचं वाक्य दोघांनाही सुचेना.

तुमच्या नायकाचा कोणता पाय अधू आहे आणि तो रोज कशाने, कुठे जातो, तेवढं खाली लिहा. पहिला मसुदा मी वाचून देईन.