व्हिडिओ गेमच्या चालींचे रिमिक्स करतो, पण सगळे फक्त ‘भारी’ म्हणतात. खरा अभिप्राय कसा मिळवायचा?

तुम्ही लिहिलंय की मालाडला राहता, कीबोर्डच्या तीन परीक्षा दिल्यात, दोन वर्षांपासून लॅपटॉपवर मारिओ-टेट्रिसच्या चालींचे रिमिक्स करता. सात-आठ ट्रॅक मित्रांना पाठवले. दरवेळी ‘भारी’, ‘कडक’ आणि आगीची चिन्हं. क्लासमधले सर तर म्हणाले, गेमचं संगीत म्हणजे काही संगीत नव्हे. आता नेमकं सांगणारं माणूस कुठून आणायचं, हा तुमचा प्रश्न.

मी लालबागच्या चाळीत वाढलो, शाळेत असल्यापासून बँजो पार्टीत वाजवलं, आता बँकेत नोकरी करतो आणि रात्री साडेदहानंतर हेडफोन लावून हेच काम करतो. बारा-तेरा वर्षं झाली. त्यामुळे जे स्वतः भोगलंय तेवढंच सांगतो.

सरांचं म्हणणं आधी बाजूला करू. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचे संगीतकार कोजी कोंडो यांनी १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी केलेली चाल २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. त्या यादीत आलेलं ते पहिलं गेम संगीत. सरांशी वाद घालू नका, पण मनात शंकाही ठेवू नका.

आता ‘भारी’चं. तुमचे मित्र खोटं बोलत नाहीत. तुम्ही पूर्ण झालेला, नाव-चित्र लावलेला ट्रॅक पाठवता आणि विचारता, ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं. वाढदिवसाला केक कापल्यावर कोणी म्हणत नाही की साखर जास्त झाली. मला जे जे उपयोगी अभिप्राय मिळाले ते सगळे ट्रॅक अर्धा असताना मिळाले, आणि एकाच ठरावीक जागेबद्दल विचारल्यावर मिळाले.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. मारिओमध्ये पाण्याखालची लेव्हल आठवत असेल. तिथलं संगीत तीन-तीनच्या वजनात आहे, वॉल्ट्झ. मला वाटलं, तीन अधिक तीन म्हणजे सहा, हा तर दादरा, सहा मात्रांचा ताल! बँजोवर चाल, खाली ढोलकीचा ठेका, मागे तानपुऱ्यासारखा एक पॅड, म्हणजे सतत भरून राहणारा लांब सूर. आमचा बँजो म्हणजे बुलबुलतरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. त्याचं मूळ वाद्य, तैशोगोतो, १९१२ साली जपानमधल्या नागोयात तयार झालं. जपानी गेमची चाल जपानी वंशाच्या पण आता पक्क्या लालबागच्या वाद्यावर वाजतेय, याचा मला फार आनंद झाला होता. महिनाभर काम केलं. मेट्रोनोमवर प्रत्येक ठोका जागच्या जागी. तरी ऐकताना काहीतरी पोटात ढवळल्यासारखं व्हायचं, आणि ते काय हे मला सापडत नव्हतं.

आमच्या पार्टीत एक काका ढोलकी वाजवायचे. त्यांनी आयुष्यात मारिओ खेळलेला नाही. त्यांच्या घरी गेलो, फोनला हेडफोन जोडून दिला आणि म्हटलं, ‘काका, ठेका सुरू होतो तिथे काही खटकतंय का, एवढंच सांगा.’ काकांनी डोळे मिटले आणि उजव्या हाताचं बोट चहाच्या स्टीलच्या पेल्यावर धरलं. ठेका सुरू झाला. बोट दोन आवर्तनं पडलं, तिसऱ्याला हवेतच थांबलं. हेडफोन काढून म्हणाले, ‘अरे, तुझी चाल समेवर यायला बघते आणि ढोलकी तिला ‘खाली’च्या मात्रेवर नेते.’

बस, एवढंच. सम म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, ‘खाली’ म्हणजे दादऱ्यात चौथ्या मात्रेपासूनचा हलका भाग. घरी येऊन बघितलं तर सुरुवातीला मी हौसेने एक जास्तीचा बार, म्हणजे तीन मात्रांचा एक तुकडा, घातला होता. त्यामुळे ठेका तीन मात्रांनी सरकला होता. जिथे ‘धा धिं ना’ यायला हवं तिथे ‘धा तिं ना’ येत होतं. कॉम्प्युटरला यात चूक दिसत नाही, कारण बार तर बरोबरच भरतो. मी तो एक बार काढला आणि ट्रॅक उभा राहिला.

आता विचार करा, मी काकांना पूर्ण ट्रॅक ऐकवून ‘कसं वाटलं’ विचारलं असतं तर? ते म्हणाले असते, ‘छान आहे रे, वाजवत राहा.’ प्रेमाचं माणूस आहे ते.

म्हणून पुढच्या वेळी ट्रॅक पाठवताना सोबत असा मजकूर लिहा: ‘मूळ चाल ही, तिची लिंक वर दिली आहे. माझं काम अजून अर्धं आहे. १ मिनिट १० सेकंदांना ढोलकी येते तिथे बँजो दबतो का?’ मूळ चाल सोबत देणं महत्त्वाचं, कारण ज्याने गेम खेळलेला नाही त्याला तुम्ही त्यात काय बदललंत हे कळणारच नाही. आणि एका वेळी एकच प्रश्न. पाच विचारले की समोरचा ‘सवडीने ऐकतो’ म्हणतो, ती सवड कधी येत नाही.

कोणाला विचारायचं, यावर माझं मत जरा ठाम आहे: फक्त रिमिक्स करणाऱ्यांना विचारू नका. ते प्लगइन आणि सिंथ, म्हणजे आवाज बनवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल बोलतात, ते उपयोगाचं असतं, पण त्यांचे कान आणि तुमचे कान एकाच गोष्टींनी घडलेले असतात. तुमच्या इमारतीत कोणी तबला शिकतं का? गणपतीत ऑक्टोपॅड वाजवणारा कोणी ओळखीचा आहे? भजनी मंडळात पेटीवर बसणारे आजोबा? मुंबईत अशी माणसं दर दोन गल्ल्यांमागे सापडतात. ऑक्टोपॅडवाल्या पोरांना तर तुमची तक्रार लगेच कळेल, कारण दुसऱ्याची चाल घेऊन ती रस्त्यावर उभी करणं हेच त्यांचं रोजचं काम आहे. मिरवणुकीत लोक नाचायचे थांबले तर त्यांना अभिप्राय त्याच सेकंदाला मिळतो.

आणि एक माणूस असं हवं ज्याला संगीतातलं काही कळत नाही पण जे समोर बसून ऐकेल. माझ्यासाठी ती आई आहे. तिला मी काही विचारत नाही, नुसता ट्रॅक लावतो आणि तिच्याकडे बघतो. तीन वेगवेगळ्या ट्रॅकना ती साधारण सव्वा मिनिटाच्या आसपास उठून कुकर बघायला गेली. तिन्ही वेळा मी तिथे चाल जशीच्या तशी दुसऱ्यांदा सुरू केली होती. हा रोग आपल्या सगळ्यांना आहे आणि तो मूळ गेममधूनच येतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा. चित्रं, लेव्हल, संगीत सगळं त्यात. आज फोनवर येणारा एखादा गुड मॉर्निंगचा फोटो याहून मोठा असतो. इतक्या जागेत लांब संगीत मावणार कसं? चाल छोटी ठेवायची आणि फिरवत राहायची. खेळणाऱ्याचं लक्ष खड्ड्यांवर आणि कासवांवर असतं, त्याला ते चालतं. नुसतं ऐकणाऱ्याच्या हातात काही नसतं, त्याला दुसऱ्या फेरीत काहीतरी नवीन द्यावंच लागतं: पट्टी बदला, अर्ध्या लयीत न्या, मधे आठ मात्रा फक्त ढोलकी ठेवा, काहीही, पण द्या.

मूळ यंत्राचं थोडं समजून घेतलंत तर अभिप्रायातल्या निम्म्या गोष्टी तुम्ही आधीच टाळाल. त्या काळच्या निन्टेंडोच्या गेमयंत्रातल्या आवाजाच्या चिपमध्ये एकूण पाच आवाज: दोन चौकोनी लहरीचे, एक त्रिकोणी, एक खरखरीचा, आणि एक रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे छोटे तुकडे वाजवणारा. त्रिकोणी लहरीचा आवाज कमी-जास्त करता येत नाही, तो असतो किंवा नसतो, म्हणून त्यावर बहुतेक वेळा बेस ठेवायचे. त्यात मारिओने उडी मारली की त्या उडीचा आवाज चालीतलाच एक आवाज तेवढ्यापुरता घेऊन जातो! तरी चाल तुटत नाही. एक आवाज गेला तरी उभी राहील इतकी मजबूत ती बांधलेली असते. आपण काय करतो? मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजतो याची नोंद) उतरवतो, पहिल्या आवाजाला बासरी देतो, दुसऱ्याला व्हायोलिन, त्रिकोणी आवाजाला बेस गिटार, आणि त्याला रिमिक्स म्हणतो. माझे पहिले चार-पाच ट्रॅक असेच होते. जाणकार ऐकणारा पहिल्या वीस सेकंदांत ओळखतो की फक्त कपडे बदललेत. त्याहून वाईट म्हणजे वर आणखी तीस वाद्यांचे थर चढवणं, म्हणजे जी चाल उडी मारल्यावरही तुटत नव्हती ती आपल्या पॅडखाली गुदमरते.

अभिप्राय आला की काय करायचं, हे मला उशिरा कळलं. एकदा एकाने लिहिलं, ‘बेस वाढव.’ मी वाढवला. सगळं आणखी चिखल झालं. खरी गोष्ट अशी होती की बेस पुरेसा होता, पण तानपुऱ्याचा पॅड २०० ते ४०० हर्ट्झच्या, म्हणजे बेसच्या जरा वरच्या, पट्ट्यात पसरून बसला होता आणि ढोलकीची डावी बाजू त्यात बुडत होती. पॅड तिथे कापला, बेस होता तेवढाच ठेवला, आणि त्याच माणसाने लिहिलं, ‘आता बेस मस्त आला.’ त्याला दुखणं बरोबर जाणवलं होतं, औषध त्याने अंदाजाने सांगितलं होतं. तेव्हापासून कोणी काही सुचवलं की मी आधी विचारतो, ‘कितव्या सेकंदाला वाटलं?’ आणि दोन दिवस काहीच बदलत नाही. उत्तरादाखल स्वतःची बाजूही मांडत नाही. एकदा बाजू मांडली की ते माणूस पुढच्या वेळी ‘भारी’ म्हणून मोकळं होतं.

पाठवण्याच्या बाबतीत दोन साध्या गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर ट्रॅक डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्पीकरसमोर फोन धरून व्हॉइस नोट नको. आणि लोक कुठे ऐकणार ते लक्षात घ्या. फोनच्या छोट्या स्पीकरवर १०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे नुसत्या खोल बेसवर चाल उभी केली असेल तर ती तिथे गायबच होते. मी प्रत्येक मिक्स सकाळच्या लोकलमध्ये स्वस्त इअरफोनवर ऐकतो. भांडुप ते घाटकोपर या गोंगाटात जी चाल कानापर्यंत पोहोचते ती घरच्या शांततेत पोहोचतेच. दुसऱ्याच्या ट्रॅकशी तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. स्पॉटिफाय साधारणपणे सगळं उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) याच्या आसपास आणून वाजवतं, त्यामुळे नुसता मोठा आवाज करून तिथे काही पदरात पडत नाही.

हक्कांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवतो. सगळं स्वतः वाजवलं तरी चालीचा हक्क मूळ मालकाकडेच राहतो, आणि भारतात तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. मित्रांना ऐकवून शिकणं वेगळं, पैसे घेऊन विकणं वेगळं. विकायचं असेल तर आधी परवानगी. टेट्रिसची प्रसिद्ध चाल मुळात ‘कोरोबेयनिकी’ हे एकोणिसाव्या शतकातलं रशियन लोकगीत आहे, ते कोणीही वाजवू शकतं. पण १९८९च्या गेम बॉय या निन्टेंडोच्या हातातल्या गेमयंत्रावरची मांडणी हिरोकाझु तानाका यांची, ती उचलू नका. थेट लोकगीतापासून सुरुवात करा. ती चाल ऑक्टोपॅड आणि ताशावर काय सुंदर बसते ते एकदा करून बघाच.

शेवटचं. तुम्ही इतरांचे किती ट्रॅक ऐकून त्यांना नेमकं लिहिलंय? मी आठवड्याला दोन ऐकतो, सेकंदासकट लिहितो. काही महिन्यांत त्यांतलेच तिघे-चौघे माझेही ट्रॅक तसेच ऐकू लागले. तुमचा टेट्रिसचा ट्रॅक आत्ता आहे तसा, अर्धवट, उत्तराखाली टाका आणि एक जागा सांगा. रविवारी सकाळी ऐकून लिहितो. ताल अडत असेल तर काकांकडेही घेऊन जातो, ते अजून तिथेच राहतात.