सहा डिसेंबरच्या आत

देवगडहून एका वाचकाचं, सदोष वस्तूच्या तक्रारीचं पत्र आलंय. असली पत्रं वर्षभर येतात. कधी वस्तू इन्व्हर्टर असते, कधी डीप फ्रीझर. या वेळी टर्बो पेट्रोल गाडीची आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीची नसलेली, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) आहे. पुण्याच्या विक्रेत्याकडून 38,500 रुपयांना मागवली, 6 डिसेंबर 2023 ला कोल्हापूरच्या गॅरेजात बसवली, तिथेच 24,000 देऊन ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, रिमॅप करून घेतला, म्हणजे त्याची सेटिंग्ज बदलून घेतली. नवव्या दिवशी फोंडाघाट चढताना चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे ताकद तोडून जेमतेम रांगू लागली. विक्रेता म्हणतो ट्यूनिंग चुकलं, गॅरेजवाला म्हणतो पार्टच सदोष. तुमचे प्रश्न सात: नोटीस कोणाला, भरपाई किती, विमा गेला का, आरटीओ धरेल का वगैरे.

ज्यावर सगळं अवलंबून आहे तो आठवा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. मुदत कधी संपते?

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. हे लिहितोय तो दिवस आहे 17 नोव्हेंबर 2025. कारण घडलं ते पार्ट बसवला त्या दिवशी, की दिवा लागला त्या दिवशी, यावर वकील दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकतील. तुम्ही त्या भानगडीत पडूच नका, आधीची तारीख धरा. 6 डिसेंबरला शनिवार आहे, म्हणून मी 5 डिसेंबर धरतो. हातात अठरा दिवस.

मार्च 2024 मध्ये विक्रेत्याने पार्ट बदलून दिला, तेव्हा मुदत तिथून मोजायची, असं तुमच्या मित्राचं म्हणणं. युक्तिवाद करता येईल. पण जिथे अठरा दिवस शिल्लक आहेत तिथे युक्तिवादावर विसंबायचं कशाला? आणि सर्वांत मोठा गैरसमज: नोटीस पाठवली की घड्याळ थांबतं. नाही थांबत. व्हॉट्सॲपवरच्या गप्पांनीही नाही. तुम्ही जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये 2024 च्या पावसाळ्यापासून या दिवाळीपर्यंत तोच संवाद आहे: 'बघतो', 'कंपनीला विचारतो', 'पुढच्या आठवड्यात नक्की'. तुमच्या गावच्या मेकॅनिकनेही 'होतला सगळा बरोबर, घाई कित्याक' म्हणून तुम्हाला थोपवलं. भिजत घोंगडं ठेवण्यात फायदा नेहमी समोरच्याचा असतो.

उशीर माफ करायची तरतूद त्याच कलमात आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं आणि ग्राहक आयोगाला, म्हणजे तक्रार ऐकणाऱ्या न्यायासनाला, ते लेखी नोंदवावं लागतं. 'आंब्याचा हंगाम होता' हे तुमचं कारण देवगडात कोणालाही पटेल. आयोगाला पटेलच याची हमी मी देत नाही.

तेव्हा नोटीस हवी तर आज पाठवा, उत्तराची वाट मात्र बघू नका. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते, ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, हेलपाटा नको. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत, म्हणून शुल्क नाही. बिलाच्या तळाशी 'पुणे न्यायक्षेत्र' छापलंय म्हणून तुम्ही घाबरलात. पण कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे सिंधुदुर्गात, तक्रार करता येते. विक्रेता आणि गॅरेज, दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. एकमेकांवर ढकलणारे दोघे एकाच तक्रारीत असले की एकाचा जबाब दुसऱ्याविरुद्ध आपल्या कामी येतो. गाडीच्या कंपनीला ओढू नका. तिचा दोष तुम्हीही सांगत नाही आणि तिचे वकील तारखांवर तारखा मागून वेळ खातील.

आता पुरावा, आणि इथे मला तुमचा राग आलाय. मे महिन्यात तुम्ही एकाच दुपारी गाडीची मूळ थ्रॉटल बॉडी परत बसवली आणि ईसीयूही स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, आणला. गाडी सुतासारखी सरळ झाली. पण खोड पार्टमध्ये होती की रिमॅपमध्ये, हे आता कोण सांगणार? एकेक बदलून पाहिलं असतं तर अर्धा खटला तिथेच सुटला असता. रिमॅपच्या 24,000 चं बिल नाही, यूपीआयची नोंद आहे. चालेल. पैसे पोचले एवढं त्यातून दिसतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही नशिबाने बरोबर केलीत. 15 डिसेंबर 2023 ला कणकवलीत गाडीच्या संगणकाचं स्कॅन करून घेतलंत आणि ती प्रिंट सांभाळलीत. तिच्यावर पी 2135 हा बिघाडाचा कोड आहे, शिवाय तारीख आणि किलोमीटर. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये झडपेची स्थिती मोजणारे दोन सेन्सर असतात, एकाची साक्ष दुसऱ्याने पडताळायची म्हणून. बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज चढतो तसा दुसऱ्याचा उतरतो, आणि दोन्हींची बेरीज पाच व्होल्टच्या आसपास राहते. दोघांच्या साक्षी जुळल्या नाहीत की ईसीयू झडप फार उघडू देत नाही. हा कोड सेन्सरकडे, वायरिंगकडे किंवा कनेक्टरकडे बोट दाखवतो. रिमॅप बिघडला म्हणून एरवी जे होतं, म्हणजे आयडल वरखाली होणं, हवा-इंधनाचं मिश्रण पातळ होणं, ॲक्सिलरेटर हलका दाबला की गाडीने धक्के देणं, त्याची नोंद या प्रिंटवर नाही. त्यामुळे माझा कल पार्टकडे आहे. खात्री नव्हे, कल. शिवाय ही प्रिंट पहिल्या पार्टची. बदलून आलेल्या दुसऱ्याची स्कॅन तुम्ही काढलीच नाहीत. तोही दिवा लावायचा, एवढं फक्त व्हॉट्सॲपवर आहे.

समोरचे काय म्हणणार तेही सांगतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कनेक्टरच्या दोन पिनांवर हिरवट थर दिसतो. ते म्हणतील, खारी हवा, गाडी जेटीजवळ उभी असते, गंज कोकणाचा आणि दोष आमच्या माथी. नऊ दिवसांत तांब्यावर एवढा थर धरत नाही असं मला वाटतं, पण माझं वाटणं पुरावा नव्हे. डिसेंबर 2023 चा बॉनेट उघडलेला एखादा फोटो फोनमध्ये असला तर शोधा.

या तपासणीसाठीच कलम 38 मध्ये सोय आहे: आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो, अहवाल 45 दिवसांत. तसा अर्ज तक्रारीबरोबरच जोडा. आणि 'पार्ट पाठवा, बघून सांगतो' असं विक्रेता गेला महिनाभर म्हणतोय ना, तर अजिबात पाठवू नका. मालवणच्या माझ्या एका पक्षकाराने होडीचं आउटबोर्ड इंजिन असंच विश्वासाने परत पाठवलं होतं. पुढे दुकानदाराने आयोगापुढे शपथेवर सांगितलं की आलेल्या इंजिनात काहीच दोष नव्हता. आम्ही काय दाखवणार होतो, रिकामं खोकं?

बाकीचं थोडक्यात. आरटीओचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातले तपशील बदलतील असा फेरफार चालत नाही. थ्रॉटल बॉडीने इंजिनची सीसी बदलत नाही, तेव्हा बचाव आहे. पण त्याच कायद्याच्या कलम 182-अ मध्ये नियमबाह्य फेरफाराला दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, म्हणून तक्रारीत रेसिंगची फुशारकी नको. विमा: दावाच केलेला नाही, आज तो प्रश्न नाही. मानसिक त्रासाचे पाच लाख मागू नका. पार्टचे, रिमॅपचे, टोइंगचे पैसे, व्याज आणि माफक भरपाई मागा.

कायदा म्हणतो, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल. कायद्यात बरंच काही लिहिलेलं असतं. सामनेवाल्यांना जबाबासाठी 30 दिवस, वर फार तर 15. म्हणजे तारखा पडायला लागतील त्या फेब्रुवारी-मार्चपासून, नेमक्या तुमच्या आंबा-तोडणीच्या दिवसांत. पेट्या भरायला आत्ताच माणूस बघून ठेवा. आणि थ्रॉटल बॉडी खोक्यात आहे तशीच राहू दे, पिनांना क्लीनर मारू नका.